इन्क्युबेटर दोन

मी लिहितोय ते माझ्याच घरात घडलंय. कासारवाडी, तिसरा मजला. १९ जानेवारी, रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. ऊन होतं. खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

माझं नाव बुद्धरत्न. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. माझी बायको विजयश्री संशोधक होती. तिला जाऊन पाच महिने झाले होते. लॅबमध्ये काम करता करता हृदय बंद पडलं.

रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या भिंतीत बारीक दारं असतात. ती उघडली की कॅल्शियम आत जातं आणि पेशी कामाला लागते. तिचा अभ्यास त्या दारांचा होता.

मी म्हणालो होतो, "म्हणजे आमचा व्हॉल्व्हच की."

"हो बाबा, व्हॉल्व्हच. पण तुझ्यासारखा हातोडा मारून उघडत नाही."

काचेची केसाहून बारीक नळी पेशीला टेकवायची आणि तिला जोडलेल्या रबरी पाइपातून तोंडाने अलगद श्वास ओढायचा. नळी नीट चिकटेपर्यंत सोडायचा नाही. ती सवय घरीही होती. सुईत दोरा ओवतानासुद्धा श्वास ओढून धरायची.

तो आवाज मी कुठेही ओळखीन.

तिच्याकडे एका पाच वर्षांच्या मुलीच्या पेशी होत्या. त्या मुलीची ती दारं जन्मापासून उघडतच नव्हती. मुलगी वारली. गोठवलेल्या पेशींची शेवटची कुपी विजयश्रीने वाढवायला काढली होती. ती इन्क्युबेटर दोनमध्ये, पेशी उबेत ठेवायच्या पेटीत, होती. पुन्हा मिळणार नव्हती.

एप्रिलमधल्या एका रविवारी विजयश्रीला ताप होता. ती झोपली होती. तीन दहाला तिचा फोन वाजला. लॅबच्या मशीनचा कॉल. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. तापमान वाढतंय, समजलं असेल तर एक दाबा.

आमच्या कंपनीतल्या लाइनवर दिवसाला पन्नास अलार्म होतात. पंचेचाळीस खोटे. बटण दाबायचं, पुढे जायचं.

मी एक दाबला. कॉल पुसून टाकला.

एक दाबणं म्हणजे 'मी निघालो', हे मला नंतर कळलं. कुणी दाबला नसता, तर पाच मिनिटांनी कॉल तिच्या सहकारी मैत्रीला गेला असता.

संध्याकाळी तिने विचारलं, "फोन वाजला होता का रे?"

"नाही. झोप तू."

सोमवारी पेशी मेलेल्या होत्या. ती स्वतःलाच दोष देत राहिली. माझीच झोप लागली, म्हणायची. मी ऐकून घ्यायचो.

ऑगस्टमध्ये ती गेली.

तर तो जानेवारीचा रविवार. तिचा फोन कपाटात, साड्यांखाली. सिम मी स्वतः काढलेलं.

तीन दहाला कपाटात…

फोन वाजला.

स्क्रीनवर नाव होतं, इन्क्युबेटर दोन.

मी उचलला. तोच रेकॉर्ड केलेला आवाज. समजलं असेल तर एक दाबा.

माझा अंगठा हलला नाही. मग आवाज थांबला, आणि अगदी कानाजवळ…

श्वास ओढल्याचा आवाज.

सोडल्याचा नाही.

मी फोन पलंगावर टाकला. खाली पोरांचा आवाजही बंद झाला होता. किती वेळ उभा होतो, माहीत नाही.

मग माझा फोन वाजला. मैत्री होती.

"दादा, तुम्ही घरी आहात ना? मला आत्ता इन्क्युबेटर दोनचा कॉल आला. तो तर दिवाळीतच भंगारात गेलाय. मला काही समजत नाहीये."

मी घड्याळ पाहिलं. तीन पंधरा.

मग ती हळूच म्हणाली, "दादा… मग एप्रिलमधल्या त्या रविवारी मला का नाही आला हो कॉल?"

"काय माहीत," मी म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी तो फोन वाजतो. पलंगावरच पडलेला असतो, चार्जिंगशिवाय. मी उचलत नाही. पाच मिनिटांनी मैत्रीचा फोन येतो. ती आता काहीच विचारत नाही. फक्त रडते.

मैत्री, तू नेटवरचं हे पान वाचतेस, मला माहीत आहे. एक मी दाबला होता. विजयश्री झोपेत होती. तिची काही चूक नव्हती.

आज रविवार. तीन दहा होऊन गेले. फोन वाजला नाही.

पण हे लिहायला बसलो तेव्हा पाठीमागे कुणीतरी श्वास ओढला.

अजून सोडलेला नाही.