दुसरीच्या नावाचं दुखणं

पूर्वनिदान आलं तेव्हापासून माणसं आजाराने कमी आणि भीतीने जास्त अंथरूण धरू लागली. आजार होण्याआधीच तो ओळखायचा, म्हणजे पूर्वनिदान. ते करणारं वंशयंत्र माणसाचं रक्त तपासायचं आणि त्याला घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या दुखण्यांची जोड द्यायचं. पुढे कोणता अवयव दगा देणार हे कळलं, की डॉक्टर तो धडधाकट असतानाच काढून टाकत. सोय मोठी छान होती. गोम एकच होती. आजार आला नाही, तर तो टळला की मुळात येणारच नव्हता, हे कळायला मार्ग नसे.

वसुधा तापकीरचं जठर असंच काढलं होतं. तेव्हापासून ती दिवसातून आठ वेळा वाटीभर पेज पिऊन जगत होती. चार वर्षं ती मिरजेच्या न्यायालयात खेटे घालत होती आणि रुग्णालयाचा वकील दर तारखेला तेच विचारी, "बाईंना कर्करोग झाला का? नाही ना? मग निदान चुकलं कशावरून?" याला उत्तर नव्हतं.

उत्तर अखेर तिच्या वकिलाला शिधापत्रिकेत सापडलं. लग्नात केसर लोंढेची वसुधा तापकीर झाली. ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं, आणि पुढच्याच आठवड्यात जुनं नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी होऊन नवं सासरच्या शिधापत्रिकेवर चढलं. यंत्राने तीच पत्रिका वाचली आणि वसुधाला त्या घरात जन्मलेली लेक धरलं. जठराच्या कर्करोगाने गेलेली सासू यंत्राच्या लेखी तिची जन्मदाती ठरली. रक्ताचं नातं पडताळून बघायची गरज कोणाला वाटलीच नव्हती. हे ऐकून न्यायाधीशबाईंनीही चष्मा काढून ठेवला. आता जेवणाच्या सुट्टीनंतर वसुधाने शपथेवर तेवढं सांगायचं, की निकाल तिच्या बाजूने.

सुट्टीत तिची सतरा वर्षांची मुलगी रेवा व्हरांड्यात डबा उघडून बसली. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी ती मन लावून खात होती. तिला असं खाताना बघणं हेच आता वसुधाचं जेवण होतं. तेवढ्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून आलेल्या, यंत्र घडवणाऱ्या डॉक्टर उल्का भडकमकरांनी वसुधाला बाजूला बोलावलं.

"तुमचं म्हणणं खरं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रक्त तुमचं आणि घराणं सासूचं. अशा सरमिसळीचं माणूस असूच शकत नाही, असं मला वाटलं होतं. मग तुमची मुलगी दिसली."

"तिचं काय?"

"तिच्या अंगात तुमचं रक्त आहे. आणि वडिलांकडून आलेलं तुमच्या सासूचंही. तुमच्या नावाखाली यंत्राने जवळजवळ तिचंच निदान केलंय."

वसुधाने वळून रेवाकडे पाहिलं. नवरा तर यंत्र येण्याआधीच अपघातात गेला होता. त्याला कोणी तपासलंच नव्हतं.

"म्हणजे तिला होणार?"

"खात्रीने नाही सांगता येत."

"मॅडम, यंत्र तुमचं आहे."

"म्हणून तर झोप उडालीय. निदान तुमचं नव्हतं असा निकाल लागला, की कायद्याने ते ज्याच्या रक्ताचं त्याच्या नावावर चढतं. महिन्याभरात रेवाला शस्त्रक्रियेचं बोलावणं येईल. नाही म्हणायची सोय नाही."

"आणि मी खटला मागं घेतला तर?"

"तर ते दुखणं तुमच्याच नावावर मिटलेलं राहील, तिला कोणी हात लावणार नाही. आजार यायचा असेल, तर तोही येईल."

"आल्यावर औषध करू की. पूर्वी करायचेच ना?"

डॉक्टरांनी नजर चुकवली. "आलेला आजार बरा करायला आता कोणी शिकत नाही, वसुधाताई."

पुकारा झाला.

साक्षीच्या पिंजऱ्यात वसुधाने कठडा घट्ट धरला. न्यायाधीशबाई सौम्यपणे म्हणाल्या, "तुमचं निदान चुकीचं होतं, असंच तुमचं म्हणणं आहे ना?"

रुग्णालयाचा वकील मान खाली घालून बसला होता. वसुधाला सासूचे शेवटचे दिवस आठवले, घोटभर पाणीही पोटात न ठरणारे. मग स्वतःची पेजेची वाटी आठवली. यातलं लेकीला काय द्यायचं, ते तिला एका शब्दात सांगायचं होतं. तिला इतकी भीती शस्त्रक्रियेच्या टेबलावरही वाटली नव्हती.

पहिल्या बाकावर रेवा ओठाला लागलेली चटणी पुसत होती. तिने आईला खुणावलं.

"बोल की आई," ती हळूच म्हणाली. "जिंकलोय आपण."