बोटभर फट

२०१८च्या जानेवारीत सिंगापूरला थंडी पडली. थंडी म्हणजे बावीस अंश, पण इथे तेवढीही कुणाला सवय नाही. एमआरटी मेट्रोत माणसं जाकिटं घालून बसत होती. पाऊस दिवसचे दिवस थांबत नव्हता.

मी जुरोंग ईस्टला नवव्या मजल्यावर राहतो. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. आता इथल्या एका यार्डात दुरुस्तीची कामं बघतो. माझी बायको, प्रेमा, ऑक्टोबरमध्ये गेली.

त्या आठवड्यात माझी मुलगी गार्गी राहायला आली. तिला ताप होता आणि तिचा नवरा सारंग कामासाठी पुण्याला गेला होता. "तिकडे ईस्ट कोस्टला तुझ्या घरी एकटी पडून राहण्यापेक्षा इथे ये," मी म्हटलं. खरं तर घरात मलाच कुणीतरी हवं होतं.

पहिल्या सकाळी ती अंघोळ करून आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"काय गं?"

"गरगरलं जरा. तापामुळे असेल. बाबा, घर किती गार आहे तुमचं."

मी चहा करायला आत गेलो. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. मी ती कधीच पूर्ण लावत नाही. तिथे न्हाणीघराच्या भिंतीला लागून गॅसचा गीझर आहे, आणि जिथे गॅस जळतो तिथे हवेला बोटभर तरी फट हवी.

"खिडकी तू लावलीस?"

"मी कशाला लावू? तुम्हाला माहीत नाही का, लहानपणी मी किती बोलणी खाल्लीत त्यावरून."

मी खिडकी उघडली. ओल्या लोकरीचा वास आला. पाऊस आहे, येत असेल, असं मनाशी म्हटलं.

त्या वासाने मला कॅम्परव्हॅन आठवली.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं न्यूझीलंडला गेलो होतो. प्रेमाची फार दिवसांची इच्छा होती. आपली गाडी, आपलं अंथरूण, हवं तिथे थांबायचं. तिकडे तेव्हा वसंत सुरू होतो, म्हणून आम्ही गरम कपडेही बेताचेच नेले. डोंगरात पोचलो आणि बर्फ पडायला लागला. रस्ता बंद झाला. त्यात प्रेमाला ताप भरला. वाटेतल्या दुकानात घेतलेले मरून लोकरीचे मोजे तेवढे तिच्याकडे होते. त्यातल्या एकाची टाच फाटली, ती मी रफू केली. मरून दोरा नव्हता, पिवळा होता. "आता हा मोजा कुठेही ओळखू येईल," ती हसून म्हणाली.

गाडीत गॅसचा हीटर होता. मी छतातला झरोका बोटभर उघडा ठेवायचो. त्यातून बर्फाची भुकटी तिच्या पांघरुणावर पडायची.

"अहो, लावा ना ते."

"लावलं तर सकाळी उठणार नाही आपण."

"गार लागतंय हो मला."

एका सकाळी मी उठलो तेव्हा डोकं दगडासारखं जड होतं. झरोक्याच्या फटीत तिचा मोजा कोंबलेला होता. मी तो ओढून काढला. तिने माझ्याकडे पाहत हात फक्त पांघरुणात घेतले.

रस्ता उघडला, आम्ही परत आलो. तिला न्यूमोनिया झाला होता. इथल्या हॉस्पिटलातून ती घरी आली नाही. मंडाई भागातल्या स्मशानात दहनासाठी आत नेण्याआधी गार्गीने तेच मोजे तिच्या पायांत घातले, दोन्ही. "आईला पाय गार पडलेले चालायचे नाहीत," ती म्हणाली. मी समोर उभा होतो.

गार्गी आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी पुन्हा लावलेली होती. कडी सैल असेल म्हणून मी ती तारेने बांधून उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी गार्गी अंघोळीला गेली आणि मी गीझरच्या भोकातून ज्योत पाहिली. निळी असते. ती पिवळी होती, लांब आणि आळसावलेली. हवा कोंडली की ज्योत अशी होते, आणि विषारी वायू घरात साचतो.

मी गॅस बंद केला आणि न्हाणीघराचं दार बडवलं.

"गार्गी, बाहेर ये. आत्ता."

टॉवेल गुंडाळून ती आली. ओठ लालभडक झाले होते. जिन्यापाशी बसवून तिला मोठे श्वास घ्यायला लावले. प्रेमाला मी वाचवू शकलो नव्हतो. हिला काही होऊ द्यायचं नव्हतं.

मग आत गेलो. तार जमिनीवर पडली होती. पीळ नीट सोडवलेला होता, तुटली नव्हती. गीझरची धूर जाण्याची नळी खिडकीतून बाहेर जाते. मी खिडकी उघडून हात बाहेर घातला. नळीच्या तोंडात काहीतरी कोंबलेलं होतं. बाहेरून. नवव्या मजल्यावर.

मरून लोकरीचा मोजा होता. मुठीत दाबला तेव्हा बर्फासारखा कुरकुरला, आणि बोटांमधून गार पाणी ओघळलं.

मी तो उलटापालटा करून टाच पाहिली. रफू नव्हता.

इथे लोक स्वयंपाकघराबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात. वरच्यांचे कपडे खाली पडतात, वाऱ्याने कुठेही अडकतात. मी मोजा घेऊन वर मिसेस लिमकडे गेलो.

"तुमचा का हा?"

"लोकर?" ती हसली. "सिंगापूरमध्ये लोकर कोण घालणार, अंकल? वेडे आहात, लाह," ती इथल्या ढंगात म्हणाली.

मग आणखी वरच्या कुणाचा असेल. रफू नव्हता, एवढं मला पुरेसं होतं. येताना मी मोजा, कचरा थेट तळमजल्यावर जातो त्या झडपेतून खाली टाकला.

गार्गीला डॉक्टरकडे नेलं, तिथून टॅक्सीने तिच्या घरी सोडलं. मी थांबतो म्हटलं, तर तिने ऐकलं नाही. "तुम्हीच किती दमलात बघा. जा, झोपा." तिच्याकडेही गीझर गॅसचाच. मी स्वतः नळी तपासली, खिडक्या उघडल्या, आणि सारंग येईपर्यंत गीझर लावायचा नाही असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यार्डातून फोन केला. खूप वेळाने तिने उचलला.

"झोपले होते," ती म्हणाली. शब्द जड येत होते. "आज बरं वाटतंय. छान ऊब आहे घरात."

"गीझर लावलास?"

"नाही."

"मग मागे कसला आवाज येतोय?"

ती ऐकू लागली. मलाही तो ऐकू येत होता. गॅस जळतानाचा, एकसारखा.

"खिडक्या बघ."

"उघड्याच आहेत की, तुम्ही..." मग पडदा सरकल्याचा आवाज. "लागल्यात, बाबा."

"काही घेऊ नकोस. दार उघड आणि खाली जा. फोन चालू ठेव."

तिची पावलं ऐकू आली. दार. लिफ्ट. खाली पावसाचा आवाज. ती खोकत होती, श्वास घेत होती. मी यार्डातल्या लोखंडी पायरीवर बसलो.

"आले खाली," ती म्हणाली. "चप्पलही नाही घातली."

"चालेल. बाहेरच थांब. मी निघालो."

"बाबा."

"हं."

"माझ्या पायात मोजा आहे. एकाच पायात." ती वाकली असावी, आवाज लांब गेला. "ओला आहे. आणि टाचेला पिवळा दोरा आहे."