रथ मागं येतो तेव्हा

"आता बघ, भंडारा उधळला की समदं गाव पिवळं दिसतंय," रूपाली म्हणाली.

गुंजीपलीकडच्या तिच्या गावात लक्ष्मीची यात्रा होती. सुट्टीत बेळगावहून शाळेतली मैत्रीण नीलम आली होती, सोबत तिचा धाकटा भाऊ बुद्धप्रिय. तिघं गच्चीवर पालथे पडून खाली बघत होते. ऊन पिवळं, हवा पिवळी, ढोल कुठून तरी लांबून वाजतोय असं वाटावं. बघता बघता डोळे जड व्हायला लागले. रथाचा दोर ओढणाऱ्यांत सगळ्यांत पुढं रूपालीचा दादा सौरव होता.

एवढा मोठा रथ चौकात वळणार कसा, असं नीलमनं विचारलं. एका दमात वळतच नाही, रूपालीनं सांगितलं. चौकात आला की पोरं दोर टाकतात, आरडत मागं पळतात, मागचे दोर धरतात आणि देवीला उलटंच थोडं मागं आणतात. माहेरातून तिचा पाय निघत नाही ना, म्हणून. मग कुठं रथ पुढच्या गल्लीला लागतो.

"पण मागं पोलीस हायत की," बुद्धप्रिय म्हणाला.

तिघं ताडकन उठून बसले. रथामागची वाट बॅरिकेड लावून बंद होती. तिथं काठ्या घेतलेले पोलीस, आणि त्यांच्यामागं ओटी भरायला आलेल्या बायका-पोरांची ही गर्दी! बंदोबस्त चोख होता. फक्त पोलीस बाहेरगावचे होते. एवढी पोरं ओरडत अंगावर आली तर ते काय समजणार? पहिली काठी सौरवच्याच डोक्यात बसणार, आणि मग दगड उचलायला कितीसा वेळ लागतो? रूपाली जिन्याकडं धावली, मागून ती दोघंही.

खाली यात्रा कमिटीचे आण्णाप्पा जेवणाच्या पंक्ती बघत होते. "पोलिसास्नी समदं म्हायत असतंय गं. जेवा जावा," ते म्हणाले. पण त्यांना सांगितलं कुणी, असं नीलमनं विचारताच आण्णाप्पांनी शेजारच्याकडं पाहिलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडं. गावात ही गोष्ट कुणी कुणाला सांगतच नाही, ती ठाऊकच असते! तरीही आण्णाप्पा म्हणाले, बघू मग.

बघू कसलं? तिघं गर्दीतून वाट काढत फौजदारबाईंच्या जीपपाशी पोचले. नीलमनं धापा टाकत कन्नडमधून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. रथ कुठपर्यंत मागं येतो, एवढंच त्यांनी रूपालीला विचारलं आणि कामाला लागल्या. बॅरिकेड हटले. बायका-पोरांना बाजूच्या बोळातून देवळाच्या पटांगणात नेलं. काठ्या जीपमध्ये ठेवून पोलीस दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर चढले.

"रथ मागं येतोय, पोरं पळत येतील. घाबरू नका, वाट द्या," भोंग्यातून बाईंचा आवाज आला.

रथ चौकात थांबला. ढोल थांबले. भंडारा हवेत तसाच तरंगत राहिला, सगळं गाव झोपेत असल्यासारखं. मग एकच आरोळी उठली आणि पोरं पळत सुटली. पुढं सौरव! कट्ट्यावरचा एक तरुण पोलीस भिंतीला चिकटला, मग हसला आणि खाली उडी मारून त्यानंही दोराला हात घातला. रथ डुलत मागं आला. कुणाला साधा धक्काही लागला नाही.

संध्याकाळी आण्णाप्पांनी तिघांना कट्ट्यावर उभं करून मानाचा नारळ दिला. "चुकलं आमचं. ह्या पोरांनी गावाची लाज राखली," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. पुढच्या यात्रेच्या बैठकीला या तिघांनाही बोलवा, असं फौजदारबाईंनी बजावलं.

रूपालीचं तिकडं लक्षच नव्हतं. सौरव दिसताच तिनं त्याला खाली बसवलं आणि त्याच्या केसांतून बोटं फिरवून सगळं डोकं चाचपलं.

"येडी झालीस काय गं?" तो म्हणाला.

कुठंच लागलं नव्हतं. तेव्हा कुठं तिला रडू आलं.