उन्हाळ्यासाठी गार चेंडू

सकाळी नऊला उन्हबंदीचा भोंगा झाला की अकोल्यातली माणसं आणि कुत्री घरात शिरत, ती सूर्य मावळल्यावरच बाहेर पडत. त्या मे महिन्यात पारा एक्कावन्नावर होता. भोंग्याआधीच मधुकर उमाळे पाळीव प्राण्यांच्या दुकानात पोचले. सोबत ढब्बू, त्यांच्या मुलीचा कुत्रा. केतकी नोकरीसाठी नॉर्वेला गेल्यापासून त्यानं खाणं सोडलं होतं. फासळ्या दिसत होत्या.

आदल्या दिवशी केतकी फोनवर म्हणाली होती, "एखादं खाऊचं खेळणं आणून बघा, बाबा. तरी नाही खाल्लं तर मी येते."

उमाळ्यांनी बोट दाखवलं. "तो साधा रबरी चेंडू द्या. लोळवला की खाऊ पडतो तो."

"तो नको, काका." खेळणी बनवणाऱ्या डॉ. रेणुका तायडे त्या दिवशी दुकानातच होत्या. "या उन्हात रबर मऊ पडतं, कुत्रं तुकडे गिळतं. खाऊही खवट होतो." त्यांनी जाड कवचाचा पांढरा चेंडू काढला. "हा दिवसभर गार राहतो. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही, आणि हुंगल्याशिवाय खाण्याचा भरवसा वाटत नाही. याला टेकून पडलं की धाप उतरते. मग चेंडू खाऊबरोबर त्याच्या माणसाचा वास सोडतो."

प्रत्येकाच्या अंगाच्या वासात शेकडो रसायनांचं एक ठरावीक मिश्रण असतं. ते मोजून हुबेहूब तयार करता येऊ लागलं होतं. त्याला गंधखूण म्हणत.

"म्हणजे पोरगी इथं नसली तरी चालते?"

"ढब्बूपुरती ती इथंच असते."

"मुक्या जनावराशी खोटं काहून बोलता, मॅडम?"

"उपाशी मारण्यापेक्षा बरं."

उमाळ्यांनी तरीही रबरी चेंडू उचलला. तेवढ्यात ढब्बूचे मागचे पाय दुमडले आणि तो फरशीवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा कोसळला. उमाळ्यांनी रबरी चेंडू जागेवर ठेवला.

"तिचा न धुतलेला कपडा लागेल," तायडे म्हणाल्या. "लोक नेमका इस्त्री करून आणतात."

माणूस गावाला गेलं की त्या दिवशी घर झाडत नाहीत. झाडलं तर ते परतत नाही, म्हणतात. उमाळ्यांनी केतकीच्या खोलीला दोन महिने झाडू लावला नव्हता. उशीचा अभ्रा तसाच होता. तोच त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

"इतका चांगला नमुना क्वचित मिळतो," तायडे खूश झाल्या.

ढब्बू खाऊ लागला. उमाळ्यांनीच फोन करून सांगितलं.

"वा! सुट्टी वाचली माझी. पुढच्या वर्षी येते मग," केतकी म्हणाली. तिनं ढब्बूला हाक मारली. त्यानं कानही हलवला नाही. तो चेंडूला बिलगून पडला होता.

जूनमध्ये उमाळ्यांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. "जेवण जात नाही गं," ते फोनवर सांगत. यावर काही दुकानात औषध मिळणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

मग एके सकाळी तायडे एक मोठा डबा घेऊन आल्या. "केतकीनं सांगितलंय. माणसाचं नाक मंद, म्हणून गंधखूण दाट केली आहे. नमुना होताच."

"तो मी कुत्र्यासाठी दिला होता."

"पण खूण तर तिचीच ना, काका? तिनं परवानगी दिली."

उमाळ्यांनी डब्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. दुपारी, बाहेर रस्ता ओस असताना, झाकण आपोआप उघडलं. आत वरण-भात होता. परीक्षेच्या दिवसांत केतकी पुस्तकावर डोकं ठेवून झोपली, की तिला उठवायला वाकताना जो वास यायचा, तो स्वयंपाकघरात पसरला. ढब्बू शेपटी हलवत धावत आला आणि डब्याकडे तोंड करून बसला.

उमाळे बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसले. मग जेवले. पुन्हा वाढून घेतलं.

हात धुताहेत तोच फोन वाजला.

"जेवलात ना, बाबा? डब्यानं कळवलं मला."

खोटं बोलायची सोयच नव्हती. "हो."

"बाई, सुटले! मी आज तिकीट काढायलाच बसले होते."