संगमरवरावर सांडलेलं लिंबू

अनुया शाळेतून शिकवून घरी आली, तेव्हा हॉलमध्ये एक अनोळखी तरुण गुडघे टेकून फरशीवर पाण्याचे थेंब सोडत होता. थेंब सोडायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

"दगड किती पाणी पितो ते बघतोय," तो म्हणाला. "मतलब... जास्त प्यायला, तर सीलर दोनदा लावावं लागेल."

तिला हसू आलं – त्या अडखळत्या मराठीचं. तो तन्मय. वडील फौजेत, मूळचे साताऱ्याचे; हा मात्र जयपुरातच वाढलेला. अनुयाच्या बाबांनी, वसंतरावांनी, बँकेतून निवृत्त होऊन जयपूरच्याच प्रताप नगरात घर घेतलं होतं. खाली पांढराशुभ्र संगमरवर, आणि हळदीचा डाग पडेल म्हणून आई धास्तावलेली. म्हणून तन्मयला बोलावलं होतं.

त्याने फरशी धुतली, दिवसभर वाळू दिली, मग मऊ फडक्याने दगडाची छिद्रं बुजवणारं सीलर लावलं. तीन दिवसांत अनुयाने त्याला सात वेळा चहा दिला. तो कप घेताना बोटं जराशी लागायची... आणि दोघंही लगेच फरशीबद्दल बोलू लागायचे.

चौथ्या दिवशी तो समोरच्या घरी गेला. सलोनीकडे.

सलोनीच्या ओट्याचा काळा दगड हातभर लांबीचा. त्याला असे कितीसे दिवस लागावेत? पण तन्मय रोज येत होता. खिडकीतून सलोनीचं खळखळून हसणं ऐकू यायचं, आणि पाठोपाठ त्याचंही. अनुयाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याकडे तर हा एवढा कधी हसला नव्हता...

शुक्रवारी तिने लिंबू कापलं आणि हॉलच्या मधोमध पिळलं. अर्ध्या तासाने पुसलं, तर तिथली चकाकीच गेली होती.

बाबांनी बोलावलं तसा तन्मय आला. पण त्याने डाग बघण्याआधीच वसंतराव संतापले. असलं काम केलंस, आता सगळ्या कॉलनीला सांगतो, असं त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं. तन्मयने डागावरून बोट फिरवलं. बाजूला पडलेली लिंबाची बी उचलली. अनुयाकडे एकदा पाहिलं – आणि शांतपणे म्हणाला की चूक त्याचीच असेल, तो दुरुस्त करून देईल.

ते तिला सोसवेना.

"बाबा, त्याची चूक नाही. मी मुद्दाम लिंबू पिळलं."

वसंतराव बघतच राहिले. मग काय समजायचं ते समजून, चष्मा शोधायला म्हणून आत निघून गेले.

"सीलर डाग अडवतं," तन्मय हळूच म्हणाला. "आंबट नाही अडवत. लिंबू दगडालाच खातं. पण... का केलंत?"

"तुम्ही परत यावं म्हणून." "आणि तिकडे तुम्ही फार हसता."

तो खाली बसून पॉलिशची डबी उघडत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सलोनीजींनी विचारलं होतं, रविवारी पिक्चरला येता का. मी नाही म्हटलं."

"का?"

"मला वाटलं... तुम्ही विचाराल."

अनुया त्याच्यासमोर, त्या निस्तेज डागाच्या पलीकडे, मांडी घालून बसली. आणि तिने विचारलं – अगदी सावकाश, त्याला एकेक मराठी शब्द नीट कळावा म्हणून.