तिजोरी गिळून बसलेला फोटो

"भवानी, दप्तर टाक आणि तशीच स्टुडिओत ये. मला चोर ठरवलंय!"

फोन मावशीचा होता. लाडात ती भाचीला भोचकभवानी म्हणायची, घाईत नुसती भवानी. भाचीने गणवेशातच सायकलवर टांग मारली.

स्टुडिओत सुतकी कळा होती. पोहण्याच्या स्पर्धेचे सगळेच्या सगळे फोटो गायब! ते मावशीच्या हवाली होते. मालकांनीच काढलेले, म्हणून ते कपाळाला हात लावून बसले होते. आणि कॉम्प्युटरचे तज्ज्ञ खुर्चीत रेलून पाय हलवत होते. सगळे त्यांना 'सर' म्हणत. भवानीने बघताक्षणी मनातल्या मनात बारसं उरकलं: दीडशहाणे.

"बाईंनीच फोटो चोरले, नाहीतर पुसले," दीडशहाणे म्हणाले. "मी लिहिलेला प्रोग्रॅम, माझी स्क्रिप्ट, चुकत नसते. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय!"

मालक मावशीकडे न बघता म्हणाले, "आज फोटो मिळाले नाहीत तर उद्यापासून येऊ नका."

भवानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिने गोड ठेवला.

"मावशी, काल काय केलंस?"

"रोजचंच गं. संध्याकाळी स्पर्धा संपल्यावर कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवले, सरांची स्क्रिप्ट चालवली. ती सगळे फोटो 'तिजोरी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. पडद्यावर आलं, 'सगळं हलवलं'. मग नियमाप्रमाणे कार्ड पुसलं. सकाळी बघते तर तिजोरी रिकामी!"

"कार्ड?"

"खणात. पुन्हा वापरलेलं नाही."

"वापरूही नकोस." ती वळली. "सर, तिजोरी तुम्ही कधी बनवलीत?"

"वर्ष झालं. त्यानंतर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

"मग वर्षभराचे जुने फोटो कुठायत?"

"काल दुपारी नव्या डिस्कवर हलवले. जागा भरली होती. तुला काय कळणार? जा, गृहपाठ कर."

ढुंकूनही न बघता हलवले? वा रे पठ्ठ्या! भवानी कीबोर्ड ओढून बसली.

"काका, आज सगळ्यांत आधी कोण आलं?"

"सर," मालक म्हणाले. "मी दार उघडलं तेव्हा पायरीवरच उभे होते. बाई बऱ्याच नंतर आल्या."

पडद्यावर 'तिजोरी'ची माहिती आली. बनवल्याची वेळ आज सकाळची, मावशी यायच्या आधीची. शेजारी एक फाइल पडली होती, नाव 'नको'. फोटोच्या नावाशेवटी असतं ते जेपीजी नाही, काही नाही. आकार मात्र एका फोटोएवढा. भवानीने नावाच्या शेवटी जेपीजी जोडलं आणि फाइल उघडली.

रिकामा तलाव. काठावर टेकवलेला पोछा.

"अरे!" मालक ताडकन उठले. "हा माझा शेवटचा फोटो! दिवे मालवायच्या आधीचा!"

दीडशहाण्यांचे पाय हलायचे थांबले.

भवानीने स्क्रिप्टही उघडून वाचली. "ऐका," ती म्हणाली. "यांच्या स्क्रिप्टमध्ये 'स्टार डॉट जेपीजी' लिहिलंय. म्हणजे शेवटी जेपीजी असलेलं जे काही असेल, ते एकेक करून तिजोरीत हलवा. पाहुणे आलेत का, हे स्क्रिप्ट तपासते. पण त्यांना बसायला खोली आहे का, हे तपासतच नाही! आणि खोली कुठली असायला? काल दुपारी सरांनी भरलेली तिजोरी अख्खीच्या अख्खी नव्या डिस्कवर नेली आणि रिकामी बनवायला विसरले."

"मग फोटो गेले कुठे?" मालकांनी विचारलं.

"तिजोरी नावाचं फोल्डर नव्हतं. म्हणून पहिल्या फोटोचंच नाव 'तिजोरी' झालं. दुसराही 'तिजोरी' झाला आणि त्याने पहिल्याला गिळलं. तिसऱ्याने दुसऱ्याला. शेवटचा तेवढा वाचला. कुठेही तक्रार नाही, वर 'सगळं हलवलं'ची फुशारकी! स्क्रिप्टही धन्यासारखीच."

"मूर्खपणा!" दीडशहाणे ओरडले. "तिजोरी समोर दिसतेय ना?"

"दिसतेय, कारण आज सकाळी तुम्ही बनवलीत. घरी चूक आठवली, म्हणून पायरीवर येऊन उभे राहिलात. पण एका जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर राहत नाहीत. आधी फाइलचं नाव बदलावं लागलं. 'नको'! पुसायला धजला नाहीत आणि उघडून बघायची अक्कलही झाली नाही. मावशीने पुसले असते, तर हा एकटा उरलाच कसा असता? आणि तोही नाव बदलून?"

दीडशहाण्यांनी खुर्ची हळूच दाराकडे सरकवली.

"फोटो परत येतील?" मालकांनी भवानीला विचारलं.

"पुसलेल्या कार्डावर नवं काही लिहिलं नसेल, तर बहुतेक फोटो परत काढता येतात. सरांना येतं ते. मघापासून बोलले नाहीत, एवढंच."

मालकांनी खणातून कार्ड काढून दीडशहाण्यांसमोर आपटलं. "काढा. सगळे निघेपर्यंत उठायचं नाही. आणि आधी बाईंची माफी मागा."

दीडशहाणे टेबलाशी काहीतरी पुटपुटले.

मावशीने पदर खोचला. "जरा मोठ्यांदा, सर. सकाळी चोर म्हणालात, ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं."