मे महिन्याला दिलेला नकार

शहाण्णव सालची ही गोष्ट. तेव्हा एखाद्या मुलीनं लष्करात अधिकारी व्हायचं म्हटलं, की लोक आधी हसायचे आणि मग तिच्या आईकडे बघायचे. बारकीच्या आईनं ते बघणं पुष्कळ सोसलं होतं.

बारकी म्हणजे तीन बहिणींतली धाकटी. नाव पडलं तेव्हा खरंच बारकी होती. पुढं वाढता वाढता घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, पण नाव काही सुटलं नाही. वडील बस डेपोत मेकॅनिक. अधिकाऱ्यांच्या निवड मंडळापुढून ती एकदा हात हलवत परत आली होती. वयाच्या अटीमुळे आता शेवटचीच संधी उरली होती. तिनं पुन्हा अर्ज भरला, आणि पहाटे पळणं नि दुपारी भिंतींवरून उड्या मारणं सुरू केलं.

त्यातली एक भिंत बागेच्या मागची. मार्चमधल्या एका दुपारी तिनं भिंतीवरून पलीकडे उडी टाकली, आणि तिचाच गुडघा हनुवटीवर असा आदळला की पुढच्या दाताचा टवका उडाला. समोर पांढरा कोट घातलेला एक तरुण खुर्ची टाकून संत्रं सोलत बसला होता.

"दवाखान्याला पुढून दार आहे हो," तो म्हणाला.

तिनं तोंडावर हात धरला. "कसला दवाखाना?"

"दातांचा."

"थट्टा करताय?"

"चला, पाटी दाखवतो. नवीकोरी आहे. अजून फारशी कुणी वाचलेली नाही."

आत लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. खुर्चीत बसता बसता बारकी म्हणाली, "आजच नीट करून द्या. तपासणीत दात मोजतात."

"कुठल्या तपासणीत? स्थळ बघायला येणारेसुद्धा इतकं बारकाईनं बघत नाहीत."

"लष्कराच्या. मला अधिकारी व्हायचंय."

ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही. दिवा तिच्या तोंडावर ओढून घेत म्हणाला, "मग तोंड मोठं उघडा, साहेब."

त्या दिवशी त्यानं तिच्या तोंडात आणखी दोन किडके दात शोधून काढले.

"खरंच किडलेत, की पेशंट टिकवायचाय?" तिनं विचारलं.

"खरंच किडलेत. आणि... दुसरंही खरं आहे."

बारकीचे कान तापले. बरं, उत्तर द्यावं तर तोंडात कापसाचे बोळे!

मग येणं-जाणं वाढलं. डॉक्टर तिच्या मुलाखतीची तयारी करून घेऊ लागला. त्याची रीतच न्यारी. तोंडात आरसा घालायचा आणि प्रश्न विचारायचा. आरसा काढला रे काढला की उत्तर आलं पाहिजे.

"लष्करात का यायचंय?"

"देशाची सेवा करण्यासाठी."

"हे पाठ केलेलं आहे. खरं सांगा."

ती छताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रस्त्यात बस बंद पडली की बाबांना बोलावतात. ते आले, की सगळे प्रवासी त्यांच्या तोंडाकडे बघतात... आता हा माणूस काहीतरी करील म्हणून. माझ्याही तोंडाकडे कुणीतरी तसं बघावं, असं वाटतं."

"मी तर रोजच बघतो," डॉक्टर म्हणाला.

"तो तुमचा धंदा आहे."

"फी कुठं घेतो मी?"

पहाटेच्या पळण्यालाही तो येऊ लागला. पहिल्या दिवशी बरोबर पळाला आणि दुसऱ्याच वळणावर बाकावर आडवा झाला. त्यानंतर सायकल घेऊन यायचा. ती पुढं, हा मागून पायडल मारत.

"पाय उचल, बारके! म्हातारी माणसं पुढं चाललीत!"

"सायकलवरून उपदेश सोपा असतो!"

'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही समजलं नाही. मनातलं मात्र ओठांवर आलं नाही. ती घाम पुसायला थांबली की तो पाण्याची बाटली पुढं करायचा. बोटांना बोटं लागायची आणि दोघंही उगाच झाडांकडे बघायची.

आयांना हे दिसल्याशिवाय राहतं होय? बारकीची आई भाजी घ्यायला म्हणून गेली आणि डॉक्टरच्या आईला भेटून आली. डॉक्टरच्या आई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. बोलण्यात करारी, पण मुलगी त्यांना आवडली होती. दोघींनी परस्पर लग्नाला मे महिना ठरवून टाकला.

अडचण एकच होती. प्रशिक्षणाला अविवाहितच घेत, आणि ते संपेपर्यंत लग्न करायचं नाही असा नियम होता. निवड मंडळाचं बोलावणं जूनचं.

"डॉक्टर जावई पायानं चालत येतोय," आई म्हणाली, "आणि तू बंदूक धरून बसलीस?"

बाबा नुसते हाताला लागलेलं ऑइल फडक्यानं पुसत राहिले.

बारकीचं काळीज दोन्हीकडून ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी ती पळायला गेलीच नाही. दवाखान्यात जाऊन बसली.

"नाही गेले परीक्षेला, तर असं काय बिघडणार आहे?" ती म्हणाली. "एकदा नापास झालेच आहे की."

डॉक्टरच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "हे तू बोलतेस?"

"मीच बोलतेय... कुणीतरी थांब म्हटलं तर थांबेन."

एवढं बोलून ती निघून आली. याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं?

रविवारी डॉक्टर आणि त्याच्या आई चहाला आले. आईनं ठेवणीतले कप काढले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी तारखेचा विषय काढला, आणि डॉक्टर कप खाली ठेवून म्हणाला, "माफ करा. हे लग्न मला करायचं नाही."

त्याच्या आईंचा चेहरा लालबुंद झाला. "मग मला इथं कशाला आणलंस?"

बारकीनं एकदा त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही. ती उठली, बूट घातले आणि भर उन्हात पळायला गेली.

त्यानंतर ती पळाली म्हणजे काय पळाली! कधी नव्हे इतकी. बागेचा रस्ता सोडला, दवाखान्याचा सोडला, पण पळणं सोडलं नाही. संध्याकाळी बाबा डेपोतून जुने टायर आणि दोर आणायचे आणि परसात तिच्याकडून कसरती करून घ्यायचे. "त्या पोराचं जाऊ दे," एवढंच ते म्हणाले. "तुझं तू बघ."

जूनमध्ये ती निवड मंडळापुढं उभी राहिली. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं देऊन खड्डा ओलांडायला सांगितलं होतं. गटातली मुलं-मुली एकमेकांवर ओरडत होती, फळी काही पुरत नव्हती. बारकीनं शांतपणे दोराला गाठ मारली, फळीचं टोक पिंपावर टेकवलं आणि म्हणाली, "तू धर. तू आधी जा." सगळे गप्प झाले आणि तिच्या तोंडाकडे बघू लागले.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लग्नाचा काही विचार?"

"नुकताच नकार आलाय, सर. सध्या अगदी मोकळी आहे."

साहेब हसले. ती हसली नाही.

शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे क्रमांक पुकारले. त्यात तिचा होता.

घरी जाण्याआधी ती तडक दवाखान्यात गेली. या वेळी पुढच्या दारानं.

"झाले मी पास," ती म्हणाली. "तुझ्यावाचून."

डॉक्टर खुर्चीतून उठला. डोळे भरून आले होते त्याचे. "मला माहीत होतं."

"तुला काय माहीत होतं? सगळ्यांसमोर नाही म्हणालास मला!"

"तुला नाही म्हणालो नव्हतो गं. मे महिन्याला म्हणालो होतो. हो म्हणालो असतो तर तू थांबली असतीस. तूच सांगून गेलीस. मग जन्मभर तुला बघत बसलो असतो... आणि वाटत राहिलं असतं, हिला मी अडवलं."

खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं पडदा तिच्या खांद्याला लागत होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"मला विचारायचंस," ती म्हणाली. "माझ्या वतीनं ठरवायला तुला कुणी सांगितलं होतं? चार शब्द बोलला असतास तर माझी मीच शुद्धीवर आले असते."

तो खाली बघत म्हणाला, "चुकलो. खरंच चुकलो."

"परत असं करायचं नाही."

"नाही करणार."

"मग आता मी विचारते. नीट ऐक, दोनदा विचारणार नाही." तिनं पाठ ताठ केली. "प्रशिक्षण संपेपर्यंत थांबशील? त्यानंतर... माझ्याशी लग्न करशील?"

डॉक्टरनं टाचा जुळवून सलाम ठोकला. डाव्या हातानं.

"हात चुकला," ती म्हणाली, आणि त्याचा दुसरा हात धरून कपाळाशी नेला. मग तो हात तिनं सोडलाच नाही.

प्रशिक्षण वर्षभर चाललं. शेवटच्या संचलनाला सगळी मंडळी गेली. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे तारे घरच्यांनी लावायचे, अशी तिथली पद्धत. एका खांद्यावरचा तारा बाबांनी लावला. आयुष्यभर नट-बोल्ट आवळलेल्या हातानं तो नीट घट्ट बसवला. दुसरा आईचा. तिला मात्र अश्रूंनी काही दिसेना. तिनं डॉक्टरला पुढं ढकललं. "तुम्ही लावा. बारीक कामाची सवय तुम्हाला."

डॉक्टर तारा लावत असताना बारकी समोर बघत ताठ उभी होती. हलायची परवानगी नव्हती. "लग्न कधी, साहेब?" तो पुटपुटला. "सुट्टी मंजूर झाली की," ती ओठ न हलवता म्हणाली.

सुट्टी मंजूर झाली आणि लग्न झालं. पुढं बारकी कर्नल होऊन निवृत्त झाली. जिथं तिची बदली व्हायची तिथं डॉक्टर दवाखाना थाटायचा. कुठंच श्रीमंत झाला नाही, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. त्यांच्या मुलीनं मात्र ना दात निवडले ना बंदूक. ती विमानांची इंजिनं दुरुस्त करते. बाबा निवृत्तीनंतरही डेपोत चक्कर टाकायचे आणि लेकीची नवी बदली कुठं झाली, ते कुणी विचारण्याआधीच सांगायचे. आईनं लोकांच्या नजरा सोसणं सोडून दिलं. आता तीच लोकांकडे बघायची.

आणि मुख्याध्यापिकाबाई? त्या रविवारचा राग त्यांनी मुलावर पुष्कळ दिवस धरला, सुनेवर एक दिवसही नाही. लग्नाचा फोटो त्यांनी आतल्या खोलीत लावला. बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा, गणवेशातल्या सुनेचा. कुणी नवखं माणूस विचारायचं, "ही कोण?" तर त्या आधी पदर सारखा करायच्या, मग खुर्चीतून उठायच्या, आणि उभं राहूनच सांगायच्या, "ही आमची सून."